चौथा पेला

मावशीला लेमिनाच्या लग्नात देणार होते. गालिचे, तंबू, दोन सांडण्या आणि मावशी. असं कुणी म्हणत नव्हतं अर्थात. म्हणत होते, "जैदा लेमिनाबरोबर तिच्या सासरी, अतारला जाईल." बस.

म्हणून मी लेमिनाच्या घरी आलो. आई म्हणाली होती, "बहिणीला घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस." माझी आई या घरातून पळाली, माझ्या जन्माच्या आधी. मावशी राहिली. मागच्या खेपेला मला म्हणाली, "माझेच लोक आहेत रे ते, मतल्ला." आज नाही निघाली तर अतारला गेलीच समजा.

लेमिनाचा बाप देद्दाह अंगणातल्या तंबूत उशीला टेकून बसला होता. शेजारी त्याची बायको तेकबर. मावशी दाराशी उभी. मी सरळ विचारलं, "लग्नात गुलाम द्यायची पद्धत अजून आहे का तुमच्यात?"

देद्दाह हसला. "कुठल्या जमान्यात राहतोस बाळा? कायद्याने कधीच संपलं ते. आमच्या घरात हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही."

"मग ही कोण?"

"घरचीच. लेमिना हिच्या दुधावर वाढली. दूधआई आहे तिची. आई मुलीबरोबर नाही जाणार तर कोण?"

"पगार?"

"आईला पगार देतात होय रे?" तेकबर म्हणाली. "शहरात, नवाकशोतला राहून डोकं फिरलंय याचं!"

माझं खरंच फिरलं. म्हटलं, "बरं. मग मुलीने आईला चहा करून पाजावा. आत्ता. इथे."

"एवढंच ना? लेमिना! जैदाआईसाठी चहा कर गं!"

मावशी लगेच शेगडीकडे निघाली. सवय. मी हात धरून खाली बसवलं. गालिच्याच्या कडेला बसली, अंग चोरून.

लेमिनाकडून कोळसे पेटेनात. फुंकून फुंकून डोळे लाल. पुदिना आधीच टाकला. साखरेची ढेप फोडली ती अर्धी वाळूत. या पेल्यातून त्या पेल्यात कितीदा ओतलं, फेस काही येईना. मावशीचे हात मांडीवर नुसते वळवळत होते.

शेवटी झाला. लेमिनाने बापाला पेला दिला. आईला दिला. मला दिला. हात पुसले. "झाला बाई एकदाचा!"

देद्दाहने फुर्रकन घोट घेतला. "वा, पोरी!"

कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. मावशी ट्रेकडे बघत होती. रिकामा ट्रे.

"लेमिना, चहा कुणासाठी केलास?" मी विचारलं.

"जैदासाठी." मग तिने ट्रे बघितला. "अरे हो... पण ती आमच्यात कुठे पिते? मागे जाऊन पिते. किटलीत उरतो ना, तो."

अगदी सहज बोलली. पोरगी वाईट नाहीये. तेच तर.

"त्यात काय एवढं!" देद्दाह म्हणाला. "जैदा, जा, तुझ्यासाठी एक पेला घेऊन ये."

मावशी उठली. माझा पेला माझ्या हातातून घेतला, एक घोट घेतला आणि वाळूत थुंकली.

"कडू जहर! पुदिना शेवटी टाकतात. शिकून घे पोरी, अतारला तुलाच करायचाय."

"म्हणजे?" तेकबर म्हणाली.

"म्हणजे मी बहिणीकडे चालले."

"अगं, चहाच्या तीन फेऱ्या झाल्याशिवाय कुणी उठतं का?" देद्दाह.

"पाहुणे नाही उठत. मी घरचीच ना?"

चपला पायात सरकवून ती चालायला लागली. मी मागे. अर्ध्या अंगणात मागून देद्दाहचं ओरडणं आलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "ए गुलाम! माघारी फिर!"

मी वळलो. "सापडला वाटतं शब्द!"

मावशी वळली नाही. फाटक उघडलं, बाहेर पडली आणि उघडंच टाकलं. इतकी वर्षं कडी तीच लावायची. बकऱ्यांना बरोबर कळलं. एक निघाली, मग सगळ्याच आमच्यामागून गल्लीत.

"मावशी, बकऱ्या," मी म्हणालो.

"त्याच्या आहेत," मावशी म्हणाली. "धरेल तो."

आणि खरंच, देद्दाह झब्बा सावरत, अनवाणी, बकऱ्यांमागे धावत होता.