पडद्याआडची फुंकर

गुरुवारी रहिमतपूरबाहेरच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. आधी शेंगदाण्याच्या लाडवाचा प्रसाद, मग आरती. आरती संपता संपता अंजनाच्या सात वर्षांच्या शिवतेजला धाप लागे, ओठ सुजत, छातीतून शिट्टी वाजू लागे. "बाधा बोलाय लागली," फुंकर महाराज समाधानाने सांगत आणि फुंकर मारून बाधा काढायला त्याला पडद्याआड नेत. दहा मिनिटांत पोरगं चालत बाहेर येई. शेड जयजयकाराने दणाणे.

शिवतेजचा दम्याचा पंप महाराजांनी पहिल्याच दिवशी ओढ्यात सोडायला लावला होता. पंप दिसला की म्हणे बाधा रुसते. अंजनाने मुकाट्याने सोडला. पोरगं डोळ्यांदेखत बरं होत होतं, मग शंका कशाला घ्यायची?

पाचव्या गुरुवारी फुंकर लागू पडली नाही. शिवतेजचे ओठ काळेनिळे झाले. "बाधा जबर हाय. फुडल्या गुरुवारी आणा," महाराज म्हणाले. पोरगं तोवर राहत नाही, एवढं अंजनाला दिसत होतं. तिने त्याला उचलून रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कशिश मुलाणींनी त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. श्वास मोकळा झाल्यावर विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"परसादाचा लाडू."

"घरी शेंगदाणे खातो?"

"न्हाई. घसा खाजतो म्हणतो. आमी म्हणायचो, लाडात आलाय. पण परसादाला न्हाई कसं म्हणायचं?"

"त्याला दाण्याची ॲलर्जी आहे. आधीच दमा असलेल्या मुलाच्या श्वासनळ्या तिनं जास्तच आवळतात. जिवावर बेततं."

"मग फुंकरीनं बरं कसं वाटायचं?"

मास्कआडून शिवतेज म्हणाला, "म्हाराज फुकतच न्हाईत. त्येंच्यापाशी माज्यासारखाच निळा पंप हाय. आज त्यातनं कायच आलं न्हाई. कुणाला सांगितलं तर आई मरंल म्हणले हुते."

अंजना ढसाढसा रडली. महाराजांपेक्षा तिला स्वतःचा राग आला.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच गेली. प्रसाद वाटणाऱ्या नानासोंनी लाडू पुढे केला. "नगं," ती म्हणाली. सरळ जाऊन तिने पडदा ओढला. मागे टोपलीत सात पंप होते, सहा रिकामे. महाराजांनी तिथल्या तिथे मौनव्रत घेतलं.

अंजना बायांकडे वळली. "पोरगं घसा खाजतो म्हणालं तर लाड समजू नगा, दवाखान्यात न्या. डॉक्टरनं दिलेला पंप टाकू नगा. आन् परसादाला न्हाई म्हणायला भिऊ नगा. मी भ्याले, म्हणून माजं पोरगं जाणार हुतं."