कॉन्सेप्टाची करंगळी

माझी सासू कॉन्सेप्टा मुंबईत, मार्वेच्या खाडीपलीकडच्या मनोरी गावात सुके बोंबील विकते. पार मुलुंडच्या सोसायट्यांतून तिला फोनवरच्या ॲपवर ऑर्डरी येतात. धंदा तिचा, नाव तिचं, आणि तोरा तर विचारूच नका. गेल्या वर्षी कुणीतरी तिचं खातंच पळवलं. पळवणार नाही तर काय? पासवर्ड म्हणजे घराचं नाव, गेटवर रंगवलेलं. वर शेजारणींनाही सांगून ठेवलेला, ती वाळवणावर असली तर त्यांनी ऑर्डरी बघाव्यात म्हणून.

मोठ्या मुश्किलीने खातं परत मिळालं. यंदा ॲपने पासवर्डच काढून टाकला. आता आपल्या फोनवर आपलं बोट टेकवायचं, बस्स. चावी फोनमध्येच राहते, कुणाला सांगू म्हटलं तरी सांगता येत नाही. मी तर खूश झाले. माझ्या सासूला डोळ्यांपुढे ठेवूनच कुणीतरी हे शोधलं असणार.

पण फोन तिचा अंगठा घेईना. तर्जनी घेईना, मधलं बोटही घेईना. जन्मभर मासे साफ करून, मीठ चोळून रेषाच झिजलेल्या. पिन ठेवता आला असता, पण तो संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता.

"मम्मी, सोड ना," माझा नवरा मर्विन म्हणाला. "सगळं माझ्या फोनवर घेतो. तू फक्त बोंबील वाळव."

ती उठली. विळीवर जाऊन बसली आणि मासे कापायला लागली. स्वतः उभ्या केलेल्या धंद्यात ती आता नुसती कामवाली होणार होती. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या समोर बसले आणि तिच्या हातांकडे बघत राहिले. मासा धरताना तिच्या दोन्ही करंगळ्या वर, अगदी कोरड्या.

"मम्मी, करंगळी दे!"

"हात माशाचे हायेत गो."

"मग धू आणि दे!" मी ओरडलेच.

फोनने करंगळी पुन्हा पुन्हा टेकवायला लावली आणि मग मुकाट्याने घेतली. सासूने आधी मर्विनकडे बघितलं, मग डोळे पुसले.

परवा फोन आला. "कस्टमर केअरमधून बोलतोय. तुमचं खातं बंद होतंय, लवकर पासवर्ड सांगा."

सासूने स्पीकर लावला, शेजारणींना हाक मारली.

"पासवर्ड नाय रे बाबा, करंगळी हाय. पायजे तर मार्वेवरून फेरी पकड नि ये घ्यायला. विळीवरच बसलेय मी."