भिंतीला उभी राहिलेली गादी

मी एक गादी. पोटात तेल्हाऱ्याचा कापूस, अंगावर अकोल्याच्या नियाजचाचा पिंजाऱ्यांचे टाके. गादीचं नशीब आडवं पडण्याचं, माझं मात्र उभं राहण्याचं निघालं. तक्रार नाही हो, उलट धन्य वाटतं.

केशरबाईंची लेक दीक्षा गाणी रचते. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या रोज यायच्या. दीक्षाने ठरवलं, जगण्याच्या गाण्यांची सीडी काढायची आणि गावोगाव ऐकवायची. रेकॉर्डिंग घरातच, अमरावतीहून भाड्याने आणलेल्या माइकवर. पण पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा. तिने मला भिंतीला उभं केलं आणि घुमणं थांबलं. एकेक गाणं तिने माझ्यासमोर गायलं. राहिलं फक्त शेवटचं.

त्या सकाळी ती बाहेर गेली होती. केशरबाईंनी मला उभं पाहिलं. माय ती! पोरीला गाठी टोचत असतील, म्हणूनच तिने गादी काढून ठेवली, असं समजून त्यांनी मला रिक्षात घातलं आणि पिंजायला नियाजचाचांकडे नेलं.

घरी परतल्यावर कळलं तशी दीक्षा धावत दुकानात पोचली, तोवर माझी खोळ उसवून झाली होती.

"चाचा, उद्या माइक अमरावतीले परत द्या लागते! आता गाऊ कुठी?"

"मले काय मालूम, बाई," तिथेच बसलेल्या केशरबाई रडवेल्या झाल्या. "तुह्या पाठीले आराम पडन म्हणून देली."

नियाजचाचांनी यंत्र बंद केलं. "रडून काय राहिली बेटा? इथंच गा न. चारी बाजूनं रुईच हाय. आवाज घुमन कसा?"

दीक्षाने माइक आणला. डोळे पुसले आणि गायली, "थांब ना गा भाऊ, उद्याची न्याहारी संगं करू." दुसऱ्या कडव्याला चाचांनी खुंटीवरचं वडिलांचं जुनं, धनुष्यासारखं पिंजण उतरवलं आणि त्याची ताणलेली तात छेडली. धुंग, धुंग. तिने मानेनेच सांगितलं, थांबू नका. मी दुकानभर पसरलेली होते, ते गाणं मी चहूकडून ऐकलं. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

आता मी पुन्हा शिवलेली, मऊ, आडवी आहे. सीडी गावोगाव फिरते. परवा सकाळी तेल्हाऱ्याचा सहदेव नावाचा अनोळखी माणूस दारात आला. चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, ते गाणं आयकलं. थांबलो."

केशरबाईंनी त्याला हाताला धरून माझ्यावर बसवलं आणि पुढ्यात न्याहारी ठेवली.

तुमच्या दारी असं कुणी आलं, तर आधी गादी अंथरा. विचारपूस मागून करा.