तोंडी वॉरंटी

…आणि ती पांढरट-हिरवी पूड, टर्मिनलभोवती फुललेली, विसरलेल्या पावावर बुरशी फुलावी तशी. त्याने बोट पुढे नेलं आणि तसंच मागे घेतलं. बोट लावायचं नसतं. दादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, शेजारी उकिडवं बसवून, अजिबात न रागावता — "फुलं दिसायला छान आहेत, पण हात लावलास तर झोंबत बसतील. गरम पाणी ओत. हळू… घाई कुणाला आहे?" आणि खरंच कुणालाच घाई नसायची, गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं असलं तरी.

"धाकटे, बॅटरीकडे बघताय की झोपलात?"

सिस्टरचा आवाज. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांची ड्रेसिंगं करणाऱ्या या नर्सबाई; त्यांची जुनी लहानशी गाडी दुकानाच्या दारात उभी होती, तोंड उघडून. शेजाऱ्याच्या बॅटरीला वायर जोडून त्यांनी ती घरून कशीबशी चालू केली होती आणि इथवर आल्यावर, सवयीप्रमाणे, किल्ली फिरवून बंद केली होती.

"उतरली आहे," तो म्हणाला. "बदलावी लागेल."

"ते मलाही कळतंय. नाडी बघायची सवय आहे मला. बदलून द्या ना मग. वॉरंटीत आहे."

त्याने बॅटरीवरची तारीख बघितली. वॉरंटी तीन वर्षांची, आणि तीन वर्षं होऊन गेली होती. हे वाक्य तो आता न अडखळता म्हणू शकत असे — शिसं महागलंय, कंपनीने भाव वाढवलेत, वॉरंटी चारची तीन केलीय, नव्या मालाला तर अडीचच. सकाळपासून तिसऱ्यांदा. म्हणताना त्याला काही वाटत नसे. गिऱ्हाइकं चिडायची, एक जण म्हणाला होता, किंमत फुगते आणि वॉरंटी आटते, धुतल्यावर कपडा आटावा तशी, मग निदान इस्त्री तरी करून द्या! सगळे हसले होते. तोही हसला होता बहुतेक. चेहऱ्याला हसण्याचा रस्ता पाठ होता.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, हे मला तेव्हाच सांगितलं होतं थोरल्यांनी. मी म्हटलं, चारची तीन कशी हो झाली? तर म्हणाले, कंपनीने एक वर्ष कापलं ना, ते माझ्याकडे लागलं. मी आहे नाऽ, सिस्टर."

तो ना.

शेवटी जरा लांबवलेला, खाली सोडलेला, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय टेकावा तसा. असा ना दुसरं कुणी म्हणत नव्हतं. कागद नव्हता, सही नव्हती, आणि तरी सिस्टर खोटं बोलत नव्हत्या, हे त्याला तिथेच, उघड्या बॉनेटपाशी वाकल्या वाकल्या, कळलं. असं किती जणांना म्हणाला असशील तू, दादा? बोलायला काय जातं… तो गेल्यापासून दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी हे कापलेलं वर्ष मागत होतं. एकाला दिलं की उद्या दुसरा येईल, परवा तिसरा, खरे येतील, खोटेही येतील, आणि नव्या भावाने एकेक बॅटरी पदरची द्यायची म्हटलं तर वर्षभरात शटर ओढावं लागेल. वहिनीचं घर याच दुकानावर आणि त्याचंही. आणि नाही दिलं तर — नाही दिलं तर काय? माणूस गेला, शब्दही गेला. इतकंच. कंपनीसुद्धा तेच करते.

"कंपनीच्या नियमात बसत नाही, सिस्टर."

"मी कंपनीकडे आले नाहीये." मग आवाज उतरला. "तुम्हाला धक्का बसलाय, धाकटे. दिसतंय."

धक्का. सगळे हेच म्हणत होते. भेटायला आलेले, फोन करणारे, कंपनीचा माणूसदेखील — मोठा धक्का बसला असेल. आणि तो मान हलवायचा. पण खरं सांगायचं तर कुठे बसला होता? दादा दुपारी जेवून स्टुलावर बसला, भिंतीला टेकला, आणि याला वाटलं, दादाला डुलकी लागली. त्याने गिऱ्हाइकाला हळू बोलायला सांगितलं. हळू बोला, दादा झोपलाय. बराच वेळ तो हळू बोलत राहिला. आणि नंतर सगळं तसंच हळू आवाजात चालत राहिलं — दवाखाना, रडणारी वहिनी, दुसऱ्या आठवड्यात उघडलेलं दुकान. दिवे लागत होते. फक्त आत काही फिरत नव्हतं. लोक अजून त्याला धाकटे म्हणतात… थोरला गेल्यावर धाकटा कुणाचा धाकटा?

"मला पेशंटकडे जायचंय," सिस्टर म्हणाल्या. "आजोबांची जखम उघडी ठेवून नाही चालणार. गाडी तर चालू करून द्या."

"बसा आत. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा."

"अहो! दुकान बॅटऱ्यांचं आणि धक्का मारून गाडी चालू करायची?"

"आधी धक्का, मग बॅटरी," तो म्हणाला. ते त्याचं वाक्य नव्हतं. दादा नवी बॅटरी कधी आधी काढायचाच नाही. धक्क्यावर चालू झाली म्हणजे इंजिन ठीक, मग बॅटरी बघू, उगाच कुणाच्या गळ्यात मारायची नाही. जोडायच्या वायरी खिळ्याला टांगलेल्या होत्या, मागे भरलेल्या बॅटऱ्यांची रांग होती, दोन मिनिटांचं काम — हे त्याला मागाहून सुचलं, बॉनेट लावून, गाडीच्या मागे जाऊन दोन्ही तळहात पत्र्यावर टेकल्यानंतर.

पत्रा गार होता. त्याने जोर लावला. गाडी हलली, आणि तिरकी जायला लागली.

"धाकटे, कुठे नेताय मला? फुटपाथवर?"

त्याने खाली बघितलं. तो डाव्या कोपऱ्याला लागला होता. डाव्या दिव्यापाशी, अगदी कडेला — सगळा उजवा भाग मोकळा सोडून. कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं उजवा कोपरा दादाचा. दादा तिकडून एक, दोन म्हणायचा आणि तीन कधी म्हणायचाच नाही, तीनला नुसता श्वास. आत्ताही त्याने तेवढी जागा ठेवली होती, सायकलवर पुढे बसलेलं पोर मागच्याला हँडल धरायला जागा देतं तशी, आणि गाडी बिचारी त्या रिकाम्या जागेमुळे वळत होती.

तो मधोमध आला नाही. तिथूनच, दात आवळून, ढकलत राहिला. सिस्टर स्टिअरिंग उलटं धरून गाडी सरळ ठेवत राहिल्या. खांदे भरून आले, तळहात पत्र्याला चिकटले, वजन होतं, सगळं वजन त्याच्या अंगावर होतं, आणि ते बरं वाटत होतं —

"सोडा क्लच!"

गाडीने एक आचका दिला, खोकली, आणि गेली.

हातांखालून वजन गेलं. तो पुढे झोकांडला, दोन पावलं, तीन, हात तसेच पुढे पसरलेले, जे ढकलत होता ते समोर नाहीच… पडला नाही. पण हात खाली येईनात. अस्सं. असा असतो होय धक्का.

"संध्याकाळी येते!" लांबून सिस्टर ओरडत होत्या. "तोवर ठरवा, कुणाचं वर्ष ते!"

हॉर्न वाजला, आजारी कोकरासारखा. गाडी कोपऱ्यावरून वळली. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, तळहात काळे, आणि ते आता झोंबत होते. पूड लागली असणार कुठूनतरी, किंवा नसेलही. गरम पाणी. हळू. घाई कुणाला…

मागे एक टेम्पो येऊन थांबला होता. समोरचा हार्डवेअरवाला पायरीवरून ओरडला, "अहो धाकटे, बाजूला व्हा की!"

तो बाजूला झाला. उजवीकडे.