प्लंबरने जोडलेलं क्लॅरिनेट

अंघोळ करून बाहेर आले, तर क्लॅरिनेट टेबलावर जोडून तयार. पाचही तुकडे एका ओळीत.

अकरा वाजता वाद्यवृंदाची चाचणी. जागा एकच, आणि मी सात वर्षांनी वाजवणार. त्यात आमचे हे पडले प्लंबर! ज्या हातांनी पान्हा फिरवतात, त्याच हातांनी माझं वाद्य पिळलं असणार. वरच्या आणि खालच्या नळीच्या सांध्यावर दोन पट्ट्या एकमेकींवर येतात. वरची उचलून न धरता नळ्या फिरवल्या, की ती वाकलीच म्हणून समजा.

"नसती उठाठेव कुणी सांगितली होती?" मी कडाडले.

"अगं, तुला उशीर होत होता. हाक मारली, पण तू आत गात होतीस."

मी वाद्य खिडकीपाशी नेलं. पट्टी सरळ होती, जिथे टेकायला हवी तिथेच टेकलेली.

"ही कशी उचललीत?"

"ती गोल कडी दाबून. आधी काय दाबल्यावर काय हलतं ते बघितलं. आणि पिळलं नाही हं. थोडं इकडे, थोडं तिकडे करत आत सरकवलं. जुना पाइप जोर करून बसवला की फुटतो."

मी मधला सांधा हलवून बघितला. तो हलेना. सात वर्षांत तिथलं नळीभोवतीचं बुचाचं आवरण वाळून सैल झालं होतं. चाचणीत वाजवताना नळी डगमगली तर काय, या धास्तीने मला दोन दिवस घास गिळवत नव्हता. पण बोलणार कुणाला? दुरुस्तीवाला गावाला गेलेला.

"सैल लागलं, म्हणून पांढरी टेप मारली," ते चाचरत म्हणाले. "एकच वेढा. नळाला मारतो तीच. ती फुंकायच्या तोंडाची वेताची पत्ती मात्र तूच लाव बाई, तिला हात लावायची छाती झाली नाही."

मी पत्ती लावली आणि सगळ्यात खालचा सूर फुंकला. जरा कुठे हवा निसटली तर तोच आधी दगा देतो. तो भरदार निघाला, तसाच टिकला. दोन दिवसांचं ओझं उतरलं आणि मला रडूच कोसळलं.

त्यांनी घाबरून सांध्याला कान लावला. "काय झालं? गळतंय का कुठून?"

"वाद्यातून नाही हो," मी म्हटलं, आणि त्यांच्याच शर्टाला डोळे पुसले.