मेहजबीनबाईंचे अठरा दाखले

विद्यार्थ्याचे नाव

सगळ्यात वरचा अर्ज ऋषिराजचा होता. तो पाहिला आणि मेहजबीनबाई खुर्ची ओढून बसल्या.

ऋषिराज म्हणजे गेणबातात्यांचा नातू. आणि तात्या म्हणजे या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष.

त्याच्याखाली दुसरा अर्ज. तिसरा. सगळे शाळा सोडल्याचा दाखला मागणारे.

"किती आहेत?"

"अठरा," सहशिक्षक दीपक सर म्हणाले. ते भिंतीकडे बघत होते.

नव्या वर्षाचा पट होता चोवीस.

शाळा सोडल्याची तारीख

एकतीस मे. बाईंना अठ्ठावन्न पूर्ण. कालव्याकाठच्या या दोनशिक्षकी वस्तीशाळेचा चार्ज आज दीपक सरांकडे द्यायचा. पंधरा जूनला दोन किलोमीटरवर, बारामती-इंदापूर रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या सफिना इंग्लिश स्कूलमध्ये प्राचार्य म्हणून बसायचं. पाटी लागली होती. पाटीवर नाव होतं.

पण आज संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापिका त्याच. दाखल्यांवर सही त्यांचीच.

कोणत्या शाळेत

पाखरं उडून कुठं चालली, ते त्यांनी वाचलं. सफिना. सफिना. सफिना. अठराच्या अठरा.

म्हणजे बाईंच्याच सहीनं पोरं इथून निघणार होती आणि बाईंच्याच सहीनं तिथं दाखल होणार होती. मागे सहा उरणार. सहा पोरांची शाळा किती दिवस टिकते, हे तालुक्यातल्या कुठल्याही गुरुजीला विचारा.

त्यांना घोटभर पाणी हवं होतं. माठ रिकामा होता. सुट्टी होती ना.

यापूर्वीची शाळा

बाई म्हणजे बारामतीत सायकलदुरुस्तीच्या दुकानामागं वाढलेली पोर. डी.एड. झाली. पहिली नेमणूक पळसदेवला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पोरं जुन्या देवळाकडं पळायची आणि हजेरी निम्म्यावर यायची. ही त्यांच्यामागं चिखलात. मग वरकुटे. मग ही वस्ती. आल्या तेव्हा पट होता नऊ. दारोदार हिंडून तो एकदा एक्केचाळीसवर नेला होता.

इथंच एकोणीस वर्षं.

धर्म

सफिनात सकाळी दुआ, रोज एक तास दीनियात म्हणजे धर्मशिक्षण, बाकी सगळा अभ्यास बोर्डाचा. हार्डवेअरच्या दुकानवाल्या इमामभाईनं आणि चार घरांनी मिळून ती उभी केली. बाईंनी होकार दिला तो भाचीपायी. सलिमा. आठवीनंतर घरच्यांनी घरातच बसवली, कारण शाळा लांब आणि वातावरण वेगळं. अशा मुली दहावीपर्यंत न्यायच्या, एवढंच बाईंच्या डोक्यात होतं. त्या मुली कुठल्याच शाळेत नव्हत्या. त्यांच्यासाठी कुणाचा पट फोडायचा नव्हता.

मग हे कसं झालं?

फोन लावला.

"इमामभाई, माझ्या शाळेतली अठरा पोरं?"

"मुबारक हो, आपा! तुमच्या वहीची कमाल हाय."

वही.

दर उन्हाळ्यात बालगणनेला घरोघर जाताना बाई सरकारी नोंदीशिवाय स्वतःची एक वही ठेवत. कोण रडतं, कुणाची आई कारखान्यावर जाते, कुणाला गाभुळलेली चिंच दिली की येतं. इमामनं मागितली होती घरी बसलेल्या मुलींची नावं. चार पानं. पण वहीची पानं फाडायला बाईंचा जीव धजला नाही. अख्खी वहीच दिली होती.

"मी फक्त मुलींची नावं घ्या म्हटलं होतं."

"आपा, आमी पयल्या पानापासनं निघालो, ते शेवटच्या पानापतुर. निवडीत कुठं बसू? आन जबरदस्ती न्हाय हां! नुसतं म्हणलं, बाई येणार हायेत. वस्तीवरच्या सारजाबाईनं तर च्या पाजला."

बाईंनी फोन ठेवला. कान गरम झाला होता.

शाळा सोडण्याचे कारण

तेवढ्यात गेणबातात्याच दारात. दाखला न्यायला.

"तात्या, तुम्ही अध्यक्ष!"

"म्हून तर पयला अर्ज माजा. अध्यक्षानं मागं ऱ्हाऊन कसं चालंल?"

"अहो, तिथं सकाळी दुआ म्हणतात."

"म्हणू द्या की. देवाचं नाव कसं बी घेतलं तरी तोंड पोळत न्हाय. पाढं तुमीच घेणार न्हवं?"

"मी प्राचार्य. वर्गावर नसणार."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ह्ये कुणी सांगितलं न्हाय बगा. असू द्या. नजर तर असंल तुमची."

"आणि मी तिथं गेलेच नाही तर? पोरगं इथं ठेवाल?"

"हितं?" तात्या खरोखर चकित झाले. "तुमी न्हाय, मग हितं काय हाय? दुसऱ्या इंग्रजी शाळेची गाडी दोन वर्सं झाली दारात येतीय. तुमच्या तोंडाकडं बघून थांबलो व्हतो."

बाईंना वाटलं, कुणीतरी पायाखालची फरशी ओढली. भिंतीवरचे तक्ते, परसबाग, तालुक्यात आलेला दुसरा नंबर. आणि तात्या विचारत होते, हितं काय हाय.

कारणाच्या रकान्यात नेहमीचंच लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून.

वर्तणूक

एक सही. दुसरी. सहाव्या सहीला त्यांनी मुद्दाम हाताकडं पाहिलं. सही रोजच्यासारखी, वळणदार. सफिनाला पहिल्या वर्षी पोरं हवीच होती, आणि ती आली होती. मनाच्या एका कोपऱ्यात चक्क हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यानं त्या हादरल्या.

तात्या दाखला घेऊन, पाया पडून गेले.

सतरा झाले. अठरावा अर्ज सगळ्यात खाली होता. राजलक्ष्मी, इयत्ता तिसरी. वडिलांच्या नावापाशी त्या थांबल्या.

"सर. ही तुमची मुलगी."

"हो."

"तुम्ही? उद्यापासून इथले मुख्याध्यापक?"

दीपक सर कसनुसं हसले. "बाई, तुम्ही गेल्यावर इथं तिला शिकवणार कोण? मीच ना? माझी लायकी मला ठाऊक आहे."

बाईंना हसू आलं नाही.

"दाखला मागाल तर द्यावा लागेल. नियम आहे." त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. "पण मी तिला घेणार नाही."

"म्हणजे?"

"सफिनाची प्राचार्य म्हणून सांगते. राजलक्ष्मीला प्रवेश नाही."

"सतरा घेतलीत की! एकट्या माझ्याच पोरीनं काय केलंय?"

"तिनं काही नाही केलं. पण गुरुजीच आपली पोर ठेवत नाहीत, त्या शाळेत दुसरं कोण ठेवील?"

"हा अन्याय आहे, बाई."

"आहे." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "इमामभाईंकडं तक्रार करा. ते मला काढतील, नाहीतर तिला घेतील. त्यांनी घेतलं तर मी तिथून जाईन."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. बाईंचंही राहिलं असतं. आपण हे बोलून बसलो, हे त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकून कळलं होतं.

शेरा

मग दीपक सरांनी दाखला उचलला. फाडला नाही. चार घड्या करून खिशात घातला. ड्रॉवरमधून नव्या वर्षाची कोरी हजेरी काढली आणि सहा नावं लिहिली, एकाखाली एक.

सातव्या ओळीवर पेन थांबलं.

बाई उभ्याच होत्या. घरी नेणारी बारामतीची एसटी चुकली होती.