भुवनाची धाप

दवाखान्यातल्या खाटेवर निजलेल्या लेकीच्या छातीवरचं कापूरतेल गोमतीनं पदरानं पुसून काढलं. डॉक्टर चंद्रमौलींनीच सांगितलं होतं, हे आता नको. छाती त्यांनी पुन्हापुन्हा ऐकली होती. आत ना कफ, ना घरघर. आणि तरी सात वर्षांची भुवना खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक श्वास ओढत होती.

सकाळीच त्यांनी तिची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवली होती. निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं होतं.

"अम्मा, हा छातीचा रोग नव्हे," ते तमिळीत, पुन्हा एकदा सावकाश म्हणाले. "साखरेचा आहे. रक्तात आम्ल साचलंय. ते ही पोर श्वासावाटे बाहेर टाकतेय. धाप आहे तोवर ती झुंजतेय."

"आणि थकली तर?"

त्यांनी सलाइनची नळी उगाच सारखी केली. "इन्सुलिन यायला हवं."

गावात ते कुठंच मिळालं नव्हतं. भुवनाचा बाप एकोजी ते आणायला सकाळच्या गाडीनं तंजावरला गेला होता. आता उन्हं खिडकीतून उतरून खाटेवर आली होती. डॉक्टर बाहेरच्या रोग्यांकडे वळले.

घराशेजारच्या अंबाबाई कॉफी घेऊन आल्या.

"काय गे, पोरीला अशी दमू देतेस? निजव तिला. अंगाई म्हण तुझी. तिनं तर तुझा सासराही पेंगतो!"

गोमतीला हसू आलं नाही. पण हात लेकीच्या कपाळावर गेला, तसे ओठ आपसूक हलले.

"कावेरीच्या तीरी केळीची सावली,
निजली माउली पाखरांची…"

हात फिरत राहिला. ओळ पुन्हा आली, तसा श्वास उथळ झाला. मग दोन श्वासांमध्ये अंतर पडलं. भुवनाची मान उशीवर कलली.

"बघ," अंबाबाई कुजबुजल्या, "कशी शांत झाली. विठोबा पावला गे!"

खोलीत खरंच आवाज उरला नव्हता. बाहेर कुणी खोकलेलं स्वच्छ ऐकू आलं.

गोमतीचं गाणं ओळीच्या मधोमध तुटलं. तिनं लेकीचे खांदे धरून गदागदा हलवले.

"भुवना! ऊठ गे बाये, ऊठ!"

"अगो, वेड लागलं काय? आता कुठं डोळा लागलाय!"

"डॉक्टर!" गोमती दाराकडे तोंड करून ओरडली. मग लेकीच्या कानाशी वाकली, आणि जिला जन्मापासून निजवत आली, तिला हाका मारत राहिली.